साध्या माईकची दुरुस्ती आणि वऱ्हाडचा आवाज : प्रस्तावना

गाडगेबाबांचा जन्म दर्यापूरशेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात, शेंडगावात झाला. बाबांनी गावोगाव कीर्तनं केली. १९५६ साली वांद्र्याला केलेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं, म्हणून आज त्यांचा आवाज आपल्या कानावर पडतो. बाबा प्रश्न विचारत आणि समोरची माणसं एका सुरात उत्तर देत. यातले शब्द कुणीही लिहून घेतले असते. प्रश्नानंतर बाबा किती थांबत, गर्दी कशी गर्जून उठे, हे मात्र कागदावर आलं नसतं.

बोली, ओवी, भजन, कीर्तन यांच्या ध्वनिमुद्रणाची अभ्यासशाखा अशा गोष्टींसाठी आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचं मोठं काम उभं केलं. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या आणि बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या हजारो ओव्या बायांच्या गळ्यातून टिपल्या गेल्या. वऱ्हाडातही असं काम व्हायला हवं आणि ते इथल्याच मुलामुलींनी करायला हवं. आजी परक्या माणसापुढे ‘डोळा’ म्हणेल, नातीशी बोलताना ‘डोया’ म्हणेल. आपल्याला हवा आहे तो दुसरा उच्चार. त्यासाठी महागडा माईक लागत नाही. साधा स्टिरिओ कंडेन्सर माईक पुरतो. त्याचं पोट उघडून पाहायची तयारी मात्र हवी.

या माईकमध्ये दोन इलेक्ट्रेट कॅप्सूल असतात. कायमचा विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याचा असा माईक बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ साली घडवला. कंडेन्सर माईक सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो त्यामुळे. कॅप्सूलच्या आत एक बारीक ट्रान्झिस्टर असतो. त्याला लागणारे दोन ते पाच व्होल्ट रेकॉर्डरच्या पिनेतूनच मिळतात, काही माईकांत छोट्या सेलमधून. मोठ्या मिक्सरचा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा अशा माईकला थेट देऊ नये.

बिघाड बहुतेक वेळा कॅप्सूलमध्ये नसतो. एक बाजू मुकी झाली तर आधी पिनेजवळची वायर हलवून पाहावी, मग मल्टीमीटर लावावा. सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल तर वायरीवरची जाळी कुठेतरी सुटलेली असते आणि ५० हर्ट्झची घरगुती वीज आत शिरते. पावसाळ्यात तडतड सुरू झाली की ओलावा समजावा. माईक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवला की ती बहुधा थांबते.

एक दोष मात्र फसवा आहे. दुरुस्ती करताना एका कॅप्सूलच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या, तर काही माईक तरीही चालतात आणि हेडफोनवर सारं ठीक वाटतं, थोडं पसरट इतकंच. तेच मुद्रण मोबाइलच्या एकाच स्पीकरवर लावलं की दोन्ही बाजू एकमेकींना खोडून काढतात. डाव्या-उजव्या कडेचे टाळकरी ऐकू येतात. मधोमध उभ्या कीर्तनकाराचा आवाज मात्र जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून सोल्डरचा डाग दिल्यावर माईकसमोर मध्यभागी उभं राहून बोलावं आणि दोन्ही बाजू एकत्र करून ऐकावं. आवाज भरीव झाला तर जोडणी बरोबर. डाग देताना घाईही हवी: कॅप्सूलला जास्त आच लागली की ती कायमची बहिरी होते.

तुकडोजी महाराजांच्या या मुलखात खंजिरीचं भजन टिपायचा प्रसंग येणारच. जवळून वाजणाऱ्या खंजिरीच्या थापेने स्वस्त कॅप्सूल फाटका आवाज काढते. यावर झिगफ्रीड लिंकविट्झ यांनी सुचवलेला बदल आहे: कॅप्सूलच्या मागचा एक बारीक पट्टा कापायचा आणि ट्रान्झिस्टर वेगळ्या पद्धतीने जोडायचा. मोठा आवाज मग स्वच्छ येतो. हे नाजूक काम नवख्याने आधी टाकाऊ कॅप्सूलवर करावं.

दुसरा बदल सोपा आहे. आवाजाच्या वाटेतला एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून ०.१ मायक्रोफॅरडचा बसवला आणि पुढचा रोध दहा किलोओहम असला, तर साधारण १६० हर्ट्झखालचा आवाज उतरत जातो. पंख्याची घरघर कमी होते, आजीचं बोलणं स्पष्ट होतं. पण मृदंगाचा घुमाराही जातो. म्हणून मुलाखतीचा माईक वेगळा आणि भजनाचा वेगळा ठेवावा असं माझं मत आहे.

दुरुस्ती ही मेकॅनिकची बाब आणि अभ्यास प्राध्यापकांचा, ही विभागणी मला मान्य नाही. पन्नास वर्षांनी कुणी हे मुद्रण ऐकेल तेव्हा आवाजातला खर्ज गायकाच्या गळ्यात नव्हता की आपण बसवलेल्या कपॅसिटरने खाल्ला, हे त्याला कळायला हवं. म्हणून प्रत्येक मुद्रणासोबत गाव, तारीख आणि बोलणाऱ्याची परवानगी लिहाल, तशी माईकची नोंदही लिहा: कोणता भाग बदलला, केव्हा बदलला, किती क्षमतेचा बसवला. ती मूळ फाइलच्या शेजारीच ठेवा आणि मूळ फाइलला हात लावू नका.