अकरा पौंड पंधरा औंस

९ जुलै १९५५. केंटकी-टेनेसी सीमेवरच्या डेल हॉलो जलाशयात डेव्हिड हेज यांच्या गळाला स्मॉलमाउथ बास लागला. लांबी २७ इंच, वजन ११ पौंड १५ औंस, म्हणजे जवळपास साडेपाच किलो. जागतिक विक्रम!

वसंतात हे मासे अंडी घालायला उथळ पाण्यात येतात, म्हणून हौशी गळवाल्यांची तेव्हाच झुंबड उडते. हेज यांचं नशीब मात्र ऐन उन्हाळ्यात फळफळलं.

मग भानगड उपटली. वजन वाढवायला आपण माशाच्या पोटात धातूचे तुकडे कोंबले, असं धक्क्यावरच्या एका कामगाराचं जुनं प्रतिज्ञापत्र चाळीस वर्षांनी उजेडात आलं. १९९६मध्ये विक्रम पुसला गेला. मेलेल्या माशाची इतकी चौकशी क्वचितच झाली असेल!

२००५मध्ये आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटनेने तो विक्रम हेज यांना परत बहाल केला.