लाल बावटा आणि टँकरवाला

पुराणातली वैतरणी माणसाने मृत्यूनंतर एकदाच ओलांडायची असते. आमची वैतरणा मात्र मुंबई-अहमदाबाद रस्त्यावरचा टँकरवाला दर खेपेला ओलांडतो, आणि तीही पाठीशी आम्ल, सॉल्व्हंट नाही तर गॅस घेऊन. तारापूरचा माल बोईसरहून चिल्हार फाट्यावर येऊन याच रस्त्याला लागतो. संघटनेच्या कामात अशा चालकांना आम्ही कितीदा तरी विचारले, "दादा, गाडीत काय आहे?" उत्तर बहुधा एकच : "केमिकल." हे उत्तर आजचे नाही, त्याला जुना इतिहास आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीला चढविलेल्या कापसाच्या गासड्याही होत्या. धोक्याचा माल असलेल्या जहाजाने लाल बावटा लावावयाचा असतो. युद्धाच्या धामधुमीत तो लावलेला नव्हता. आम्हां युनियनवाल्यांना लाल बावटा म्हणजे हक्क; गोदीत त्याचा अर्थ 'जपून या' एवढाच. दुपारी आग दिसली आणि ४ वाजून ६ मिनिटांनी स्फोट झाला. शेकडो माणसे गेली; त्यांत आग विझवावयास धावलेले ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

आपल्या भागानेही असा दिवस पाहिला आहे. नोव्हेंबर १९९१ मध्ये मनोरच्या पुढे मेंढवणला ज्वालाग्राही मालाच्या टँकरला अपघात झाला आणि आगीत अनेकांचे प्राण गेले.

कायदा नाही असे नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नवव्या नियमाप्रमाणे धोक्याचा माल नेणाऱ्या चालकाला ३ दिवसांचे प्रशिक्षण आवश्यक आहे. माल पाठविणाऱ्याने मालाची माहिती द्यावी आणि चालकाने ती लेखी स्वरूपात केबिनमध्ये ठेवावी, असेही नियम सांगतात. पण आम्ही पाहिलेले असे कागद बहुतेक इंग्रजीत होते आणि काचेमागे घडी करून खोचलेले होते.

दोष केवळ मालकांचा म्हणून आम्हांला सुटता येणार नाही. आमच्याच मागणीपत्रांत धोका-भत्ता वर असे आणि प्रशिक्षण शेवटच्या ओळीत. तडजोडीच्या बैठकीत पहिल्यांदा सोडली जाई ती हीच ओळ. भत्ता घरी पोचतो. पण तो घेऊन येणारा माणूस घरी पोचला पाहिजे, हे आम्ही उशिरा शिकलो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गाडी भरण्यापूर्वी चालकाने आपल्या भाषेत तीन गोष्टी सांगाव्यात : आत काय आहे, गळले तर लोकांना कोणत्या बाजूला हटवायचे, आणि त्यावर पाणी मारायचे की नाही. तीव्र गंधकाम्लावर पाणी पडले की ते उसळते, हे पुस्तकात असून भागत नाही. ते रस्त्यावरच्या माणसाला ठाऊक हवे. या तीन प्रश्नांची उत्तरे आली नाहीत, तर गाडी फाटकाबाहेर पडू नये. हाच आमचा आजचा लाल बावटा.