गवताखालचं बेचिराग गाव

हिवाळ्यात, ऊन कलल्यावर, इंग्लंडच्या मध्य भागातून ट्रेनने जात असाल तर खिडकीबाहेरची कुरणं जरा नीट बघा. काही ठिकाणी गवताखालची जमीन लाटांसारखी वर-खाली होताना दिसेल. आपल्याकडे यासाठी आयता शब्द आहे: सरी-वरंबे. फक्त हे वरंबे मध्ययुगातले आहेत, आणि ज्यांच्या नांगराने ते तयार झाले त्यांतली कितीतरी गावं आज नकाशावर नाहीत.

त्या काळी गावाची शेती दोन-तीन मोठ्या मोकळ्या रानांत असे. मध्ये कुंपण नाही. प्रत्येक घराच्या अरुंद पट्ट्या रानभर विखुरलेल्या. बैलांचा नांगर माती एकाच बाजूला पलटायचा. पट्टीभोवती फिरत वर्षानुवर्षं तसंच नांगरलं की मधोमध उंचवटा व्हायचा. लांबलचक औत टोकाला वळवायचं, म्हणून बरेच वरंबे हलकेच वाकलेले असतात, उलट्या 'एस' अक्षरासारखे. आजोबांच्या तोंडचा 'फर्लांग' इथलाच. नांगराने पडलेल्या एका तासाची लांबी, हा त्याचा मूळ अर्थ.

मग गावं गेली कुठे? 'प्लेगने संपली' हे उत्तर पटकन मिळतं. 1348-49च्या साथीत इंग्लंडमधली निदान एक तृतीयांश माणसं गेली, हे खरंच. पण यॉर्कशरमधलं वॉरम पर्सी बघा. मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांच्या नेतृत्वाखाली तिथे 1990पर्यंत सुमारे चाळीस वर्षं, उन्हाळ्या-उन्हाळ्यांत, उत्खनन चाललं. ते गाव साथीतून वाचलं होतं. घटलं, पण पुढे दीडेकशे वर्षं नांदलं. शेवटची कुटुंबं हलली ती 1500च्या आसपास, जमीनदाराला मेंढ्यांसाठी कुरण हवं होतं म्हणून. मजूर महागले होते, लोकरीला भाव होता, आणि कळप राखायला एक मेंढपाळ नि कुत्रा पुरत होता.

हे तेव्हाही लोकांना दिसत होतं. 1516च्या 'युटोपिया'त थॉमस मोरने यावर कडक टीका केली. 1517 साली कार्डिनल वुल्झीने चौकशी नेमली. तोवर पुष्कळ गावं उठली होती.

गंमत अशी, की ज्या मेंढ्यांपायी माणसं गेली, त्यांच्यामुळेच वरंबे टिकले. कुरण झालेली जमीन पुन्हा नांगरली गेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले आणि बहुतेक वरंबे सपाट झाले. उरलेत ते थोडे.

मराठी महसुली दप्तरात अशा गावाला 'बेचिराग' म्हणतात. म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. पण दिवा आपोआप विझला की कुणी विझवला, हे तो शब्द सांगत नाही. 'प्लेग' म्हटलं की दोष कुणाचाच उरत नाही. म्हणून एखाद्या ओसाड गावाची गोष्ट ऐकाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: माणसं गेल्यावर जमीन कुणाकडे गेली?

वॉरम पर्सीला जायला तिकीट नाही. छप्पर नसलेलं चर्च अजून उभं आहे. घरांच्या जागी गवताळ उंचवटे आहेत. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. तिरप्या उन्हात ते जास्त स्पष्ट दिसतात.