चहा, बापू आणि लाल गोळी

वेचणीला जाणारी बाई पहाटे गंजात चहा मांडते आणि तेवढाच पिऊन निघते. दूध नसलं तर काळाच. पोटात लेकरू असलं तरी नाश्ता हाच. असं वाटतं, की हा चहा पणजीच्याही आधीपासून आपल्या चुलीवर आहे. तसं नाही बरं.

इंग्रजांच्या मळ्यातला चहा आधी जहाजानं विलायतेला जायचा. १९०३ साली सरकारनं निर्यातीच्या चहावर उपकर बसवला आणि तो पैसा चहाच्या जाहिरातीला लावला. १९३० नंतरच्या मंदीत भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांनी इथलंच गिऱ्हाईक धरलं. स्टेशनावर, बाजारात फुकट चहा पाजला. चहा कसा करायचा हे शिकवायला माणसं घरोघर फिरवली. आपल्या कापसासाठी कोणी एवढं फिरलं असतं तर!

याच काळात, १९३६ मध्ये, गांधीजी शेगावला म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. चहा-कॉफीला त्यांचा विरोध जुनाच होता. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसात कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर छोटं पुस्तक लिहिलं. त्याचा इंग्रजी अनुवाद केला डॉ. सुशीला नायर यांनी. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ मध्ये उभं करणाऱ्या त्याच. त्या पुस्तकात बापू म्हणतात, चहात टॅनिन असतं, त्यानं चामडं कमावतात, आणि पोटाच्या आतल्या अस्तरावरही ते तसंच काम करतं.

पोटाचं काही चामडं होत नाही. पण टॅनिनवर बोट ठेवलं ते बरोबर. १९७० च्या दशकात संशोधकांनी मोजून पाहिलं, की जेवणासोबत चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी फार कमी लागतं. आपल्या देशात गरोदर बाईला लोहाची गोळी देण्याचा कार्यक्रम १९७० मध्येच सुरू झाला. आज गरोदरपणात १८० लाल गोळ्या मिळतात. त्यातली एकेक चहासोबत गिळली, तर रक्त वाढणार कसं? आणि बाळंतपणात रक्त गेलं, तर आधीच पांढरी पडलेली बाई ते कुठून भरून काढणार?

दुसरी गोष्ट कॅफीनची. ते चहात, कॉफीत, कोलाच्या बाटलीतही असतं, आणि वारेतून बाळापर्यंत जातं. दिवस भरत येतात तसं ते आईच्या अंगातून फार हळू निघतं. जास्त घेतलं तर बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना गरोदर बाईला दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. काही देशांत तर २०० चीच मर्यादा आहे. आपल्या हैदराबादच्या पोषण संस्थेच्या हिशेबानं १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ आणि फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम असतं. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा-कॉफी नको, असंही ती संस्था सांगते.

बापूंनी पार सोडा म्हटलं. मला विचाराल तर दोन कपांची बाई दोषी नाही. भूक मारायला चहा प्यावा लागतो, ते वाईट. आधी भाकर खा, चहा तासाभरानं. गोळी लिंबूपाण्यासोबत.

आणि गरम काही हवंच असेल, तर बापूंनी १९१३ मध्ये आफ्रिकेत असताना लिहिलेली गव्हाची कॉफी आहे. गहू निवडून लालसर भाजायचे, दळायचे, चमचाभर पीठ पाण्यात उकळायचं. त्यात कॅफीन नसतं. चव वेगळी लागते, गूळ घाला.