राजधानीत फोटो कुठून काढायचा? बर्डीच्या टेकडीचं उत्तर

आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या माणसाची राजधानी कोणती? कागदावर मुंबई. पण मोठा दवाखाना नागपूरला, हायकोर्ट नागपूरला, विद्यापीठ नागपूरचं, लग्नाचा बस्ताही बहुतेक वेळा नागपूरलाच. ही नुसती सवय नाही. रघूजी भोसल्यांनी १७४३ च्या सुमारास नागपूरला बस्तान बसवलं तेव्हापासून हे शहर या ना त्या राज्याची राजधानी होतं. भोसल्यांचं राज्य, १८६१ पासून मध्य प्रांत, स्वातंत्र्यानंतरचं जुनं मध्य प्रदेश राज्य, अशी ती ओळ १९५६ मध्ये थांबली. त्यानंतर उरली ‘उपराजधानी’ आणि दर हिवाळ्यातलं अधिवेशन.

जुना फोटो नेमका कुठं उभं राहून काढला होता, हे शोधण्याचं काम मी संशोधनात करते. त्यामुळे ओळखीची माणसं हमखास विचारतात, “नागपूरला चाललोय, चांगला फोटो कुठून येईल?” या प्रश्नाचं उत्तर दहा ठिकाणांची यादी देऊन संपवता येईल. पण यादीतली ठिकाणं ‘चांगली’ कशी झाली, हे कळलं की यादीची गरज पडत नाही. शिवाय यादीत काय येत नाही, तेही दिसू लागतं.

तोफ, दुर्बीण आणि कॅमेरा

फोटोच्या चांगल्या जागेला तीन गोष्टी लागतात: उंची, समोर मोकळं अंतर आणि योग्य दिशेचा उजेड. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी तोफेला लागत होत्या.

नागपुरात सीताबर्डीला, म्हणजे आपल्या बर्डीला, शेजारी शेजारी दोन टेकड्या आहेत, एक मोठी आणि एक लहान. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांच्यात इथं लढाई जुंपली. इंग्रजांची तुकडी लहान होती, पण टेकड्या तिच्या ताब्यात होत्या. २७ च्या सकाळी भोसल्यांच्या बाजूच्या अरब शिपायांनी लहान टेकडी जिंकली आणि तिथलीच तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. काही तास पारडं खरोखर फिरलं होतं. दुपारपर्यंत इंग्रजांनी लहान टेकडी परत घेतली आणि लढाई संपली. पुढे टेकडीवर किल्ला बांधला गेला. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि त्यानंतर राज्यच खालसा झालं.

यात भौतिकशास्त्राचा एक अगदी साधा नियम आहे. प्रकाशाची वाट दोन्हीकडून सारखीच असते. तुम्ही ज्याला बघू शकता, तो तुम्हाला बघू शकतो. लहान टेकडीवरून मोठी दिसत होती, म्हणूनच लहान टेकडी हातची जाणं इंग्रजांना इतकं महाग पडलं. आमच्या कामात याला ‘दृश्यरेषा’ म्हणतात. एखाद्या जागेवरून निघणाऱ्या सगळ्या मोकळ्या दृश्यरेषा एकत्र केल्या की त्या जागेचं ‘दृश्यक्षेत्र’ तयार होतं. जमिनीच्या उंचसखलपणाचा नकाशा संगणकात घालून आता ते मोजता येतं. १८१७ च्या सेनापतीने ते डोळ्यांनी मोजलं होतं, एवढाच फरक.

उंचीने किती फरक पडतो हे स्वतः करून बघा. डोळ्याची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा. सपाट प्रदेशात क्षितिज किती किलोमीटरवर आहे, ते मिळतं. धानाच्या बांधावर उभ्या माणसाला (डोळे १.६ मीटरवर) सुमारे साडेचार किलोमीटर दिसतं. तीस मीटर उंचीवर चढलात की जवळजवळ साडेएकोणीस. आपल्याकडच्या पूर्व विदर्भातल्या सपाटीत एखादी टेकडी इतकी मोलाची का ठरते, ते यावरून कळेल.

तोफेनंतर आली सर्वेक्षणाची दुर्बीण, थिओडोलाइट. भारताच्या महासर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरला निघाला होता. वाटेत हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी तो वारला. त्याची माणसंही गावोगाव उंच टेकड्या शोधत फिरत, कारण कोन मोजायला दूरची खूण दिसावी लागते.

कॅमेरा तिसरा. १८५८ मध्ये फेलिचे बियातो हा छायाचित्रकार लखनौला पोचला. अवधची ही राजधानी इंग्रजांनी नुकतीच पुन्हा ताब्यात घेतली होती. बियातोने मोठ्या इमामबाड्यावर चढून पडझड झालेल्या शहराचं सलग दृश्य टिपलं. पॅरिसमध्ये फ्रेंच लष्करातल्या एमे लॉसदा याने छायाचित्रांवरून शहराचा नकाशा तयार केला आणि १८६७ च्या प्रदर्शनात मांडला. दोघांची कामं वेगळी, पण दोघांनाही हवा होता तो सैन्याला लागणारा उंच आणि मोकळा कोन.

मोकळ्या अंतराचंही तसंच. मुंबईत ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवरचा फोटो सुरेख येतो. पण ते मैदान कुणी फोटोसाठी सोडलं नव्हतं. मुंबईच्या किल्ल्याबाहेर तोफांचा मारा अडू नये म्हणून एक पट्टा मोकळा ठेवला होता. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली गेली, त्या पट्ट्यातली मैदानं राहिली. नागपूरच्या कस्तुरचंद पार्कात २०२० मध्ये काम सुरू असताना जमिनीखाली जुन्या तोफा सापडल्या, हेही आठवून बघा.

बर्डीवरून फोटो का मिळत नाही?

मग नागपुरातली सगळ्यात चांगली जागा बर्डीचा किल्ला का नाही? कारण तो आजही सैन्याकडे आहे. सामान्य माणसाला तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीनच दिवशी बघायला मिळत आला आहे. एरवी आपण पायथ्याच्या टेकडी गणपतीपर्यंत.

इथं कायद्याचीही एक गंमत बघा. १९२३ च्या शासकीय गुपित कायद्यात प्रतिबंधित जागेचं ‘रेखाटन’ करण्याबद्दल तरतूद आहे आणि रेखाटनाच्या व्याख्येत छायाचित्रही धरलेलं आहे. तेव्हा किल्ल्याच्या दिवशी गेलात तर आत कॅमेरा चालतो का, कुठं चालतो, हे फाटकावरच विचारून घ्या. शिपायाला तुमचा राग नसतो. शंभर वर्षांपूर्वीचा कायदा आणि दोनशे वर्षांपूर्वीची दृश्यरेषा, दोन्ही तो सांभाळत असतो.

महाल आणि सिव्हिल लाइन्स

आता खाली उतरू. भोसल्यांची राजधानी महाल भागात होती. काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाचा त्यांचा वाडा १८६४ मध्ये जळाला, नगारखान्याचा दरवाजा राहिला. तिथं फोटो काढताना पंचाईत होते ती अंतराची. साध्या मोबाइलचा मुख्य कॅमेरा उभा आणि सरळ धरला, तर पूर्ण इमारत मावायला तिच्या उंचीच्या साधारण दीडपट मागं जावं लागतं. महालच्या गल्लीत तेवढं मागं गेलात की पाठ दुकानाला टेकते. फोन वर कलवला तर भिंती आत झुकल्यासारख्या दिसतात.

सिव्हिल लाइन्समध्ये ही अडचण येत नाही. हायकोर्टाची इमारत घ्या. वास्तुकार हेन्री मेड, उद्घाटन जानेवारी १९४० मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या हस्ते. रुंद रस्ता, पुढे मोकळी जागा, वर घुमट. साहेबाने आपल्या इमारती लांबून दिसाव्यात अशा बेताने बांधल्या. म्हणून आज ‘फोटोजेनिक नागपूर’ म्हटलं की सिव्हिल लाइन्स आधी डोळ्यांसमोर येतं आणि महाल मागं पडतो. यात सौंदर्याचा वाटा आहेच, पण मागं सरकायला मिळणाऱ्या जागेचाही आहे.

महालात एक सोपी युक्ती चालते: पूर्ण इमारत पकडायचा हट्ट सोडा. दरवाजाची चौकट, त्यातून जाणारा सायकलवाला, कोरीव खांबाचा एखादा तुकडा टिपा. त्या भागाची वस्ती जवळून बघण्यासाठीच आहे.

उजेडाचं गणितही हाताशी असू द्या. नागपूर आणि भंडारा दोन्ही साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरात, म्हणजे अधिवेशनाच्या दिवसांत, सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो आणि भर दुपारीही ४५ अंशांच्या वर फारसा चढत नाही. म्हणून हिवाळ्यात दक्षिणेकडे तोंड असलेल्या इमारतींवर दिवसभर सुंदर तिरपा उजेड असतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात तो दुपारी थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. जूनमध्ये तर दुपारी किंचित उत्तरेला असतो, तेव्हा एरवी अंधारात राहणाऱ्या उत्तरेकडच्या भिंतीही उजळतात. इमारतीचं तोंड कुठं आहे ते होकायंत्रावर बघा आणि मग वेळ ठरवा.

झिरो माइलला थोडं थांबा

ज्या जागेसाठी हा लेख लिहायला घेतला, ती ही. झिरो माइलचा खांब, शेजारचे चार घोडे. लोक याला ‘भारताचा मध्य’ म्हणतात. या जागेचं नक्की सांगता येणारं काम मात्र उंचीचं आहे. महासर्वेक्षणाने १९०७ मध्ये इथं उंची मोजण्याची प्रमाण खूण बसवली, आणि इथली नोंद आहे समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे जवळपास ३११ मीटर. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत. राज्य करणाऱ्यांना आपली जमीन किती बारकाईने मोजायची होती, ते या आकड्यात दिसतं.

तिथून काही मिनिटं चाललात की गोवारी शहीद स्मारक येतं. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन सुरू होतं. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. तो अडवला गेला, लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. त्यांत बायका आणि लेकरं जास्त होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, हा सगळा गोवारींच्या वस्तीचा पट्टा. आपल्या गावाकडे गुरं राखणारी ही माणसं राजधानीत आपलं म्हणणं सांगायला गेली होती.

जुने फोटो तपासताना मी एक प्रश्न आता नेहमी विचारते: या जागेवर कुणाला उभं राहता येत होतं, आणि कुणाला नाही? बर्डीच्या दृश्यरेषा सैन्यासाठी राखल्या गेल्या. सिव्हिल लाइन्सचं मोकळं अंतर सत्तेसाठी राखलं गेलं. आणि मोर्चा कुठपर्यंत येऊ द्यायचा, म्हणजे विधानभवनासमोर कुणी यायचं, तेही दर हिवाळ्यात बॅरिकेड लावून ठरवलं जातं. नागपूरच्या चित्रांत घोड्यांचा खांब सतत दिसतो. हे स्मारक क्वचित दिसतं. एका फेरीत दोन्ही सहज होतात. दोन्ही बघा.

आता उंची तिकिटावर

एक बदल मला मनापासून आवडतो. २०२१ पासून बर्डी ते कस्तुरचंद पार्क मेट्रो धावते, झिरो माइलवरून, जमिनीपासून बरीच वर. पुढे गड्डीगोदामला तर चार थर एकावर एक आहेत: खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. दोनशे वर्षं जी उंची फौजेकडे होती, ती आता तिकीट काढून मिळते. फोटोचे नियम स्टेशनवर विचारा, गर्दीची वेळ टाळा, आणि गाडी बर्डीहून सुटली की खिडकीजवळ उभे राहा.

शेवटी एक काम सांगते. वरठीहून गाडीने जा किंवा एसटीने, नागपुरात जो फोटो काढाल त्यासोबत तीन गोष्टी लिहून ठेवा: तारीख आणि वेळ, तुम्ही उभे होतात ती जागा, आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं. घरात आजोबांचा नागपुरातला जुना फोटो असेल तर त्याच्याही मागे, माहीत असेल तेवढं, पेन्सिलीने लिहा. नसेल माहीत, तर फोटोतल्या दोन वस्तू शोधा, एक जवळची आणि एक लांबची, ज्या फोटोत एकामागे एक येतात. त्या दोन्हींमधून नकाशावर एक रेघ ओढा. अशी दुसरी जोडी सापडली की दुसरी रेघ. दोन रेघा जिथं छेदतात, तिथं फोटो काढणारा उभा होता. १८८० च्या दशकाच्या अखेरीस सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर आल्प्समधल्या हिमनद्यांचे फोटो ठरलेल्या जागांवरून काढू लागला, म्हणजे पुन्हा तिथंच उभं राहून हिमनदी किती सरकली ते कळावं. आपल्याला आपली राजधानी तशी मोजता येईल. त्यासाठी जागांची नोंद मात्र आजच व्हायला हवी.