ध्वनिलहरींवरची उपासना

बंगळुरूच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाची वस्ती आहे. आज ते नाव घेतले की संगणक-उद्योगाच्या काचेच्या इमारती आणि खोळंबलेल्या वाहनांच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. परंतु या वस्तीचा जन्म झाला तो शेतीसाठी. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी अँग्लो-इंडियन लोकांच्या संघटनेला वसाहतीसाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली, आणि संघटनेचे पुढारी डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून वसाहत ओळखली जाऊ लागली. ना धड साहेबांत, ना धड एतद्देशीयांत, अशी ज्यांची गणना होई त्यांनी सरकारी नोकरीकडे डोळे लावून न बसता स्वतःच्या जमिनीवर उभे राहावे, हा त्यामागचा हेतू. वसाहतीबरोबर प्रार्थनामंदिर हवेच. व्हाइटफील्डचे मेमोरियल चर्च १८८६ चे आहे. घंटेचा नाद जेथवर पोहोचेल तेथवर मंडळीची हद्द, असा तो काळ होता.

याच व्हाइटफील्डमध्ये माझ्या मुलीच्या शेजारी नगरकडच्या एक वृद्ध ख्रिस्ती आजी राहतात. मुलगा नोकरीनिमित्त येथे आला, त्याच्यामागून त्या आल्या. गुडघे थकले आहेत. परिसरात इंग्रजी, कानडी, तमिळ अशा भाषांतून उपासना चालतात, पण मराठीतली काही त्यांना सापडलेली नाही. नातवाने त्यांच्या मोबाइल फोनवर आकाशवाणीचे पुणे केंद्र लावून दिले आहे. सकाळच्या भक्तिसंगीतात अभंग होतो, आणखी एखादे भजन होते, आणि कधी तरी एखादे ख्रिस्ती गीत लागते. ते लागले की आजी हातातले काम बाजूला ठेवतात आणि पदर डोक्यावरून घेतात. समोर ना वेदी, ना पाळक. टेबलावर उभा करून ठेवलेला एक फोन! मी एकदा सहज विचारले, "आजी, हे तर यंत्र. त्याच्यापुढे पदर कशाला?" त्या म्हणाल्या, "अहो, गाणं यंत्राचं आहे व्हय?"

या उत्तराने मला शंभर वर्षांपूर्वीच्या एका वादाची आठवण झाली. १९२३ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत राजपुत्राचा, म्हणजे पुढे सहावा जॉर्ज झालेल्या ड्यूक ऑफ यॉर्कचा, विवाह व्हावयाचा होता. सहा महिन्यांपूर्वीच जन्मलेल्या बी.बी.सी.ने तो विधी नभोवाणीवरून ऐकवण्याची परवानगी मागितली. ॲबीच्या धर्माधिकाऱ्यांनी ती नाकारली. त्यांना भीती वाटली ती अशी, की लोक दारूच्या गुत्त्यात बसून, डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता हा पवित्र विधी ऐकतील! आपल्याला आज हसू येते. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. देवळात शिरताना मनुष्य पायांतले जोडे काढतो, चर्चमध्ये शिरताना टोपी काढतो. ती उंबरठ्याची शिस्त असते. नभोवाणीला उंबरठाच नाही. मग ऐकणाऱ्याची शिस्त कोण सांभाळणार? चौदा वर्षांनी, १९३७ च्या मे महिन्यात, त्याच ॲबीतून त्याच सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक नभोवाणीवरून जगभर ऐकवला गेला. टोप्यांचे काय झाले हे कोणी मोजले नाही.

मुळात उपासना आणि नभोवाणी यांची गाठ पडली ती अमेरिकेत. १९०६ च्या नाताळच्या आदल्या रात्री फेसेंडेन नावाच्या संशोधकाने समुद्रावरील जहाजांना व्हायोलिनवर नाताळचे गीत ऐकवले आणि बायबलातला उतारा वाचला, अशी एक गोष्ट सांगतात. तिच्या पुराव्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, म्हणून ती बाजूस ठेवू. निश्चित तारीख आहे २ जानेवारी १९२१ ची. पिट्सबर्ग शहरातील के.डी.के.ए. हे केंद्र सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्या रविवारी संध्याकाळी तेथील कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधील उपासना केंद्राने प्रक्षेपित केली. मुख्य धर्मगुरू व्हॅन एटन यांचा या नव्या खटाटोपावर फारसा भरवसा नव्हता. प्रवचनाची कामगिरी त्यांनी आपले कनिष्ठ सहकारी व्हिटमोर यांच्यावर सोपवली. यंत्रे सांभाळण्यासाठी जे दोन तंत्रज्ञ आले होते त्यांतला एक ज्यू होता आणि दुसरा रोमन कॅथलिक. उपासकांचे लक्ष त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून दोघांनाही गायकवृंदाचे झगे चढवण्यात आले! ख्रिस्ती उपासनेचा पहिला ध्वनी आकाशात सोडला तो अशा दोन परक्या हातांनी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

इंग्लंडमध्ये १९२२ च्या नाताळच्या आदल्या दिवशी व्हाइटचॅपेलचे रेक्टर मेयो यांचे छोटेसे भाषण झाले. पुढे ६ जानेवारी १९२४ रोजी सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या चर्चमधून पहिली संपूर्ण उपासना ऐकवण्यात आली. तेथील धर्मगुरू डिक शेपर्ड हे मोठे दिलदार गृहस्थ. चर्चची पायरी जो कधी चढत नाही त्याच्याशी बोलायला मिळते आहे, याचाच त्यांना आनंद होता. आणि रोजची प्रार्थना सुरू झाली ती धर्माधिकाऱ्यांच्या मागणीवरून नव्हे. कॅथलीन कॉर्डो नावाच्या एका श्रोत्या बाईंनी त्यासाठी पिच्छा पुरवला. घरात खिळून पडलेल्या माणसांना रोज काही मिनिटांची उपासना मिळावी, एवढेच त्यांचे मागणे होते. बी.बी.सी.ची ही दैनिक उपासना १९२८ च्या जानेवारीत सुरू झाली. अंथरुणावरच्या मनुष्याला टोपी काढण्याचा प्रश्नच नसतो.

रोमन कॅथलिक पंथाची अडचण आणखी खोल होती. या पंथाचा नभोवाणीला विरोध नव्हता. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी खुद्द मार्कोनीने उभारलेल्या केंद्रावरून अकरावे पायस पोप लॅटिनमध्ये जगाशी बोलले. परंतु मिस्सा ही केवळ ऐकण्याची वस्तू नव्हे. भाकर आणि द्राक्षारस यांच्या सान्निध्यात देहाने उपस्थित असणे हा तिचा प्राण. म्हणून बाराव्या पायस पोपनी १९५७ च्या आपल्या परिपत्रकात स्पष्ट केले की दूरचित्रवाणीवर मिस्सा पाहणे म्हणजे तिला प्रत्यक्ष उपस्थित राहणे नव्हे. मात्र आजारी माणसांना तिचा लाभ होतो, हेही नाकारले नाही. मला ही भूमिका प्रामाणिक वाटते. ध्वनिलहरींवरून शब्द येतात, सूर येतात. भाकरीचा तुकडा येत नाही. शेजारी बसलेल्याचा हात हाती येत नाही.

आता आपल्याकडे वळू. मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ चे. म्हैसुरात मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. गोपालस्वामी यांनी १९३५ साली राहत्या घरातून एक चिमुकले केंद्र चालवले आणि त्याला 'आकाशवाणी' हे नाव दिले. ते नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. १९५५ साली बंगळुरूला आकाशवाणीचे केंद्र आले. नभोवाणी सरकारच्या हाती असल्यामुळे कोणत्याही एका पंथाला तिच्यावर आपले पीठ मांडता येईना. सर्वांच्या भक्तिगीतांना थोडी थोडी जागा, हा आपला शिरस्ता. तो शहाणपणाचा आहे, असे माझे मत आहे; पण ज्याला पूर्ण उपासना हवी, त्याची भूक त्याने भागत नाही. त्या भुकेला वाट मिळाली समुद्रापलीकडून. सिनेसंगीतासाठी आपण ज्या रेडिओ सिलोनला कान लावून बसत असू, त्याच केंद्रावर पैसे भरून घेतलेल्या वेळांत ख्रिस्ती प्रवचने होत. पुढे १९७० साली सेशेल्स बेटांतून 'फेबा' या संस्थेचे लघुलहरी प्रक्षेपण सुरू झाले. त्याचे मनोरे उथळ समुद्रात, प्रवाळाच्या खडकावर उभे होते. हिंदी भाषांतली प्रार्थना तेथून हिंदी महासागर ओलांडून येथल्या घरात उतरे, आणि श्रोत्याला खरखरीतून ती वेचून घ्यावी लागे. २००३ साली ते प्रक्षेपण थांबले. मध्यंतरी, २००१ साली, देशातील पहिले खाजगी एफ.एम. केंद्र बंगळुरूतच सुरू झाले होते. पण असे परवाने धार्मिक संस्थांना द्यावयाचे नाहीत, हे धोरण कायम राहिले.

परंतु मराठी मंडळींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि आजींच्या पदराचे मूळ मला तेथे दिसते. नारायण वामन टिळक १९१९ साली वारले. नभोवाणी त्यांनी पाहिली नाही. पण विलायती चालींवर बेतलेली भाषांतरित गीते मराठी जिभेवर रुळत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी अभंग रचले, पदे रचली, भजन आणि कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत मानाने बसवले. त्यांची कितीतरी गीते 'उपासना संगीत' या पुस्तकातून आजही मंडळ्या गातात. याचा एक परिणाम असा झाला की या गीतांना ऑर्गनची गरज राहिली नाही. टाळ-मृदंग पुरला, तोही नसला तर नुसता गळा पुरला. चर्चच्या भिंतींवाचून जी उपासना उभी राहू शकते, तिला यंत्राच्या पेटीतही गुदमरायला होत नाही.

आणि ऐकणे म्हणजे उपासनेचा दुय्यम प्रकार, ही समजूत आमच्या संतांची कधीच नव्हती. नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाचा. समर्थांनी दासबोधाचे चौथे दशक उघडले आहे तेही श्रवणभक्तीनेच. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलानेही विश्वासाचा संबंध ऐकण्याशीच जोडला आहे. नगरच्या ख्रिस्ती घरात हे दोन्ही प्रवाह एकाच ओट्यावर भेटले असतील, तर नवल नाही.

२०२० च्या वसंतात, साथीच्या टाळेबंदीत, जगभरची चर्चे ओस पडली आणि ईस्टरसुद्धा लोकांनी घरी बसून यंत्रावर साजरा केला. आयुष्यात प्रथमच असा ईस्टर आला, म्हणून पुष्कळ जण हळहळले. आजींना मी त्याविषयी विचारले. त्या म्हणाल्या, "तुम्हा सर्वांना एक वर्ष तसं गेलं. मला इथं आल्यापासून रोजचंच आहे." तक्रारीचा सूर नव्हता. फक्त नाताळच्या दिवशी मुलगा गाडीतून चर्चला नेतो तेव्हा, भाषा न कळताही, त्या प्रभुभोजनाच्या रांगेत काठी टेकत उभ्या राहतात. तेवढे फोनवर होत नाही, असे त्यांनीच सांगितले. मग निवेदकाने पुढच्या गीताचे नाव घेतले, ते त्यांच्या ओळखीचे निघाले, आणि आमचे बोलणे तेथेच थांबले.