अंगणात आलेली शाळा



मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की त्याची ‘बिस्मिल्ला’ करण्याची चाल आपल्यातील अनेक घराण्यांत आहे. त्या दिवसापासून मुलाचे शिक्षण सुरू झाले, असे आपण मानतो. मग त्याआधीच्या चार वर्षांत ते काहीच शिकले नव्हते काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात सापडते.

ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण बालमंदिरांचा लाभ मुख्यतः शहरांतील सुस्थितीतल्या घरांना मिळत होता. वास्तविक मादाम माँटेसरींचे पहिले बालगृह १९०७ साली रोममधील कष्टकऱ्यांच्या चाळींत, आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठीच निघाले होते. ताराबाईंनी हे शिक्षण पुन्हा गरिबाच्या दारी नेण्याचे ठरविले.

१९४५ साली त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे आल्या. हा भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. आता तो पालघर जिल्ह्यात आहे. बालविधवा असूनही जिद्दीने शिकलेल्या अनुताई वाघ त्यांना येथे सहकारी लाभल्या. बालवाडी तर उघडली, पण दलित व आदिवासी वस्तीतील मुले तेथे येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच ‘अंगणवाडी’. आधी मुलांना आंघोळ घालायची, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. महागडी साधने नव्हती. शंखशिंपले, खडे, बिया आणि पाने यांवरच मुले मोजायला व निवडायला शिकली.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे मुलींच्या शाळेची खरी अडचण दिसून आली. आईबाप मजुरीला गेले की धाकटे भावंड थोरल्या बहिणीच्या कडेवर! म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालविण्यात आल्या. तान्हे मूल पाळणाघरात राही आणि बहीण वर्गात बसे. ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला.

वाचकहो, मुंब्रा, भिवंडी, कल्याण येथील आपल्या खोल्यांना अंगण नाही. कोठे यंत्रमागाचा खडखडाट आहे, कोठे आईवडील दोघेही कामावर. तरीही दादी-नानीची गोष्ट, तांदूळ निवडताना मोजलेले खडे, मुलाच्या प्रश्नाला दिलेले शांत उत्तर यांना पैसा पडत नाही. भाषा उर्दू असो, कोकणी असो वा मराठी, मुलाशी बोला. मेंदूची वाढ पहिल्या काही वर्षांतच सर्वांत झपाट्याने होते. मुलाला धाक दाखवून गप्प बसविले, तर ते विचारणेच सोडून देते.

मोहल्ल्यातील अंगणवाडीत मुलांना अवश्य पाठवा. आणि विशेष विनंती ही, की धाकट्याला सांभाळायचे म्हणून थोरल्या मुलीचे नाव शाळेतून काढू नका. शेजारच्या चार घरांनी मिळून एखाद्या विश्वासू बाईंकडे लहानग्यांची सोय केली, तर तुमच्या चाळीतही कोसबाड उभे राहील.